पठाणकोट ते छांब: १ ते ३ सप्टेंबर १९६५ या चाळीस तासांतले निर्णय

१ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पठाणकोटच्या तळावरून भारतीय हवाई दलाची बारा व्हँपायर विमाने चार-चारच्या तीन तुकड्यांनी, पाकिस्तानी रणगाड्यांवर मारा करायला, जम्मूतल्या छांबकडे निघाली. त्यांतली चार परत आली नाहीत. तीन वैमानिक मरण पावले, एक पॅराशूटने उतरून वाचला. त्यानंतर दोनच रात्री उलटल्या होत्या, तोच त्याच तळावरून, त्याच आकाशात, त्याच शत्रूला जाळ्यात ओढण्याचा डाव टाकला गेला आणि तो बऱ्याच अंशी साधला. या दोन घटनांच्या मधल्या काळात काय बदलले, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. जे सार्वजनिक पदांवर होते, ज्यांच्या सहीने वा शब्दाने निर्णय झाले, त्यांची नावे इथे येतील. कॉकपिटमध्ये बसलेल्यांची नावे मी मुद्दाम घेतलेली नाहीत. लष्करी इतिहासात ती नोंदलेली आहेत. पण अशा प्रकरणात नाव आले की वाचक त्या माणसाच्या चुकीचा किंवा शौर्याचा हिशोब मांडू लागतो. मला मांडायचा आहे तो निर्णयांचा हिशोब.

पार्श्वभूमी

एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या, तेव्हा दोन्ही देशांनी आपापली लढाऊ विमाने बाजूला ठेवली. पाकिस्तानी हवाई दलाचे तेव्हाचे प्रमुख असगर खान आणि आपले एअर मार्शल अर्जन सिंग यांच्यात तसे बोलणे झाले होते. जुलैमध्ये असगर खान गेले आणि नूर खान आले. ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोरी सुरू झाली, आपण प्रत्युत्तर दिले, महिनाअखेरीस हाजीपीरची खिंड घेतली. पाकिस्तानी सैन्याला आता हाजीपीरवरचा दाब कमी करायचा होता. त्यासाठी त्यांनी जिथे आपण सर्वांत दुबळे होतो ती जागा निवडली.

ती जागा म्हणजे छांब. तिथून पूर्वेला अखनूर आहे आणि अखनूरला चिनाबवरचा पूल. राजौरी, नौशेरा, पूंछ या बाजूला असलेल्या आपल्या सैन्याची रसद त्या पुलावरून जात असे. पूल गेला असता तर तो सगळा प्रदेश तुटला असता. छांबच्या रक्षणाला एक पायदळ ब्रिगेड, १९१ वी, आणि तिच्या जोडीला २० लान्सर्सच्या हलक्या एएमएक्स-१३ रणगाड्यांची एकच स्क्वाड्रन होती. १ सप्टेंबरला पहाटे अंधारातच तोफांचा मारा सुरू झाला आणि पाठोपाठ पॅटन रणगाड्यांच्या दोन रेजिमेंट पुढे आल्या. एएमएक्स-१३ च्या लहान तोफेने पॅटनला रोखणे किती अवघड आहे, हे रणगाड्यांशी संबंध नसलेल्या माणसालाही दोन्ही यंत्रे शेजारी उभी केली तर कळेल. तरीही ती स्क्वाड्रन दिवसभर लढत राहिली.

आता पठाणकोटकडे वळू. तिथे फ्रेंच बनावटीची मिस्टेअर विमाने होती आणि ऑगस्टच्या अखेरीस पुण्याहून आलेली ४५ व्या स्क्वाड्रनची व्हँपायर. व्हँपायरचे पहिले उड्डाण १९४३ चे. नोव्हेंबर १९४८ मध्ये ते भारतात आले, तेव्हा आपल्या हवाई दलाला त्याचा मोठा अभिमान होता, कारण आपले ते पहिले जेट. पुढे बंगळुरूच्या कारखान्यात ती इथेच बांधली गेली. एकच इंजिन, मागे दोन लांब दांड्यांवर टेकलेली शेपटी, वैमानिक बसतो तो भाग चक्क लाकडी थरांचा. चार २० मिलिमीटर तोफा आणि पंखांखाली रॉकेटे. वेग ताशी ८८० किलोमीटरच्या आसपास. एकट्या वैमानिकाच्या त्या प्रकारात बाहेर फेकणारी खुर्ची नव्हती. उडी मारायची वेळ आली तर माणसाने स्वतः बाहेर पडायचे.

समोर होते अमेरिकी एफ-८६ सेबर. तिरक्या मागे झुकलेल्या पंखांचे हे विमान कोरियाच्या युद्धात नावारूपाला आले. सहा मशीनगन, अंतर मोजून नेम लावायला मदत करणारे रडार आणि काहींवर उष्णतेचा माग काढत जाणारे साइडवाइंडर क्षेपणास्त्र. व्हँपायरपेक्षा ते ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगवान होते.

अडचण

दुपारी लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधुरी आणि अर्जन सिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले. चारच्या सुमाराची वेळ. लष्कराला हवाई मदत हवी होती, ताबडतोब हवी होती.

चव्हाणांसमोर एकाच वेळी तीन गोष्टी होत्या. पहिली, १९६२ ची आठवण. चीनविरुद्ध आपण लढाऊ विमाने वापरली नाहीत आणि त्या निर्णयाची सल देशाच्या मनात होती. त्या पराभवानंतरच ते दिल्लीला गेले होते. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे तेव्हा महाराष्ट्रात म्हटले जाई. दुसरी, विमाने गेली की प्रकरण छांबपुरते राहणार नव्हते. कच्छमध्ये पाळलेला संयम तिथेच संपणार होता. तिसरी गोष्ट सर्वांत अस्वस्थ करणारी. रणभूमीवर दोन्ही बाजूंची सरमिसळ झाली होती आणि वरून मारा केला तर तो आपल्याच माणसांवर पडण्याचा धोका होता. हा धोका त्या चर्चेत मांडला गेला आणि लष्कराने तो पत्करला.

मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता चव्हाणांनी परवानगी दिली. विमाने किती वेळात निघतील, या प्रश्नावर अर्जन सिंगांनी एका तासाचा शब्द दिला होता. पठाणकोटहून पहिले विमान ५ वाजून १९ मिनिटांनी सुटले.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णय इथे संपतो, आणि तो बरोबर होता. ज्याच्या हाती अधिकार होता त्याने तो घेतला, धोके डोळ्यांसमोर ठेवून घेतला आणि वेळेत घेतला. दिल्लीच्या त्या निर्णयाचे कौतुक महाराष्ट्रात खूप झाले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या कौतुकात दुसरा निर्णय झाकला जातो. विमाने पाठवायची हे ठरले. कोणती, कोणत्या क्रमाने, कोणाच्या पहाऱ्यात, हे कोणी ठरवले?

समोरचे पर्याय

तळावर त्या दुपारी असलेले पर्याय फार नव्हते. मिस्टेअर विमाने होती. ती व्हँपायरपेक्षा बरीच वेगवान, ३० मिलिमीटर तोफांची आणि सेबर आले तर निदान निसटू शकणारी. नॅट किंवा हंटर ही जी विमाने सेबरशी हवेत झुंजू शकत होती, त्यांतले एकही त्या दिवशी पठाणकोटला नव्हते. म्हणजे पाठराखणीचा पर्याय तासाभरात उभा करणे शक्य नव्हते. सगळ्यात आधी फक्त मिस्टेअर पाठवणे शक्य होते. आधी काही मिस्टेअर वर चढवून घिरट्या घालायला ठेवायच्या आणि खाली व्हँपायरने मारा करायचा, हेही शक्य होते, जरी मिस्टेअर त्या कामासाठी बनलेली नव्हती. किंवा जे झाले ते: आधी व्हँपायरच्या तीन चौकड्या, थोड्या थोड्या अंतराने एकामागून एक, आणि नंतर मिस्टेअर.

व्हँपायरच्या बाजूने बोलण्यासारखे काही होते, हेही नोंदवायला हवे. रणगाड्यांवर, वाहनांवर खाली उतरून मारा करण्याचे काम या विमानांकडे होते आणि वैमानिक त्यासाठी तयार होते. संथ विमानातून जमिनीवरचे लक्ष्य शोधायला जरा जास्त वेळ मिळतो. आणि वेळ हाच तर त्या संध्याकाळचा मुख्य प्रश्न होता. सूर्यास्ताला जेमतेम दीड तास उरला होता. जी विमाने कामासाठी आणून ठेवली होती, ती कामाला लावली गेली. इतक्या घाईत माणूस असेच वागतो. म्हणूनच मी त्याला निर्णय म्हणायला कचरतो. तो आपोआप घडत गेला.

आकाशातल्या झुंजीचे गणित मात्र अशा घाईला जुमानत नाही. १९१६ मध्ये ओस्वाल्ड बोल्क या जर्मन वैमानिकाने नवशिक्यांसाठी काही नियम लिहून काढले होते. त्यांतला पहिला असा की हल्ल्याआधी वरचढ जागा मिळवा आणि जमल्यास सूर्य पाठीशी ठेवा. पन्नास वर्षांनी प्रोपेलर जाऊन जेट आले तरी हा नियम बदलला नव्हता. पठाणकोटहून छांब वायव्येला, हवाई अंतराने सुमारे १३० किलोमीटर. सप्टेंबरच्या संध्याकाळी पावणेसहाला तिकडे निघालेल्या वैमानिकाच्या समोर डाव्या हाताला कललेला सूर्य असतो. खाली रणगाड्यांची धूळ आणि तोफांचा धूर. नजर जमिनीवर, कारण काम जमिनीवरचे. मान वळवून मागे पाहायला फुरसत नाही. आणि शत्रूचा मोठा तळ, सरगोधा, पश्चिमेला, सूर्याच्याच बाजूला.

१ सप्टेंबरची संध्याकाळ

पहिली चौकडी छांबवर पोहोचली, तिने मारा केला. जमिनीवरून विमानांना लक्ष्य दाखवणारी यंत्रणा त्या संध्याकाळी कामी आली नाही. पुढे गेलेले पाकिस्तानी रणगाडे आणि मागे हटणारे आपले रणगाडे यांच्यात वरून फरक करणे कठीण होते. ज्याची भीती दिल्लीत बोलून दाखवली गेली होती तेच झाले. आपल्या विमानांचा मारा २० लान्सर्सच्या काही रणगाड्यांवर आणि वाहनांवरही पडला. दिवसभर पॅटनला तोंड दिलेल्या त्या माणसांवर. हे लिहिताना हात थांबतो, पण हे लिहिल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही.

पाकिस्तानी हवाई दलाची दोन सेबर तोवर त्या भागात गस्तीला आली होती. दुसरी चौकडी त्यांना सापडली.

व्हँपायर कमी वेगात सेबरपेक्षा आखूड वळण घेऊ शकते, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते आणि ती खरी आहे. सतत वळत राहिले तर मागे लागलेल्या सेबरचा नेम चुकवता येतो. पण वळता येते याचा अर्थ निघून जाता येते असा नाही. प्रत्येक वळणात वेग घटतो, उंची आधीच नव्हती, आणि शत्रू हवे तेव्हा वर जाऊन पुन्हा खाली येऊ शकतो. झुंज कधी सुरू करायची आणि कधी सोडायची हे वेगवान विमान ठरवते. त्यातून समोर दोघे असले, तर एकाकडे वळताना दुसऱ्याला पाठ दिली जाते.

काही मिनिटांत चौकडीतली तीन विमाने पडली. तिन्ही वैमानिक गेले. चौथा निसटून परत आला. त्या संध्याकाळचे चौथे विमान पहिल्या चौकडीतले. त्याचा वैमानिक उडी मारून वाचला. ते जमिनीवरच्या माऱ्याने पडले असे आपल्याकडचे म्हणणे आहे. चारही विमाने त्या दोन सेबरनीच पाडली, असा पाकिस्तानचा दावा आहे. त्या दोन सेबरपैकी एकाचा वैमानिक पाचच दिवसांनी पंजाबातल्या आपल्या हलवारा तळावरच्या झुंजीत मारला गेला. युद्धात हिशोब असा फिरतो.

त्यानंतरची व्हँपायर आणि मग मिस्टेअर अंधार पडेपर्यंत जात राहिली आणि परत आली. बारापैकी चार विमाने, म्हणजे एक तृतीयांश, एकाच संध्याकाळी.

या ठिकाणी सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू आहे असे मला वाटते. चौकड्या ठरावीक अंतराने, एकाच दिशेने, एकाच जागी गेल्या. पहिल्या चौकडीने छांबवर मारा केला, त्या क्षणी शत्रूला दोन गोष्टी कळल्या: भारतीय विमाने येत आहेत आणि कुठे येत आहेत. सरगोध्यापासून छांब सुमारे १८० किलोमीटर. गस्तीवरच्या सेबरला तर तेवढेही अंतर कापायचे नव्हते. म्हणजे पहिल्या चौकडीला मिळालेला अनपेक्षितपणाचा फायदा दुसरीला मिळणार नव्हता, हे कागदावर तरी आधी दिसू शकत होते. पण तसा विचार करायला तळावर त्या तासात कोणाला उसंत नव्हती. सगळे लक्ष विमाने वेळेत सोडण्यावर होते. आणि ती वेळेत सुटली.

मधला दिवस

२ सप्टेंबरला हवाई दलाने आपले हिशोब पुन्हा मांडले. व्हँपायर आघाडीवरून मागे घेण्यात आली. त्यांच्याबरोबर ‘तूफानी’ नावाच्या जुन्या विमानांनाही शत्रूची लढाऊ विमाने येऊ शकतील अशा जागी पाठवायचे नाही, असे ठरले. शंभराहून अधिक व्हँपायर अशा रीतीने एका फटक्यात मुख्य लढाईबाहेर गेली. चार विमानांच्या बदल्यात शत्रूने आपल्या ताफ्याचा मोठा हिस्सा बाजूला बसवला, असे पाकिस्तानी लेखक अभिमानाने सांगतात. हिशोबाने ते खरे आहे. पण या आकड्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. जे यंत्र त्या आकाशात टिकणार नव्हते, त्यात आणखी माणसे बसवायची नाहीत, असे एका दिवसात ठरवायला धैर्य लागते. त्या यंत्राचा अभिमान बाळगलेल्या सेवेला तर ते अधिकच लागते.

त्याच संध्याकाळी २३ व्या स्क्वाड्रनची नॅट विमाने पठाणकोटला आणली गेली. नॅट हे विलक्षण लहान विमान. पंखांचा विस्तार सात मीटरहूनही कमी. जमिनीवर त्याच्या शेजारी उभा राहिलेला माणूस कॉकपिटमध्ये डोकावू शकतो. दोन ३० मिलिमीटर तोफा, चपळ, झपाट्याने वर चढणारे आणि हवेत दिसायला अवघड. दोष होतेच. तोफा ऐनवेळी अडकण्याची खोड त्या युद्धात अनेकांच्या जिवाशी आली. पण सेबरसमोर उभे करायला त्या तळावर आता काहीतरी होते.

रात्री वैमानिक बसले. तिथे पुढे आलेली कल्पना मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. काल शत्रूने काय पाहिले? पठाणकोटहून संथ विमाने येतात, पहारा नसतो, सेबर वरून झेपावतात, शिकार होते. तर मग उद्याही त्यांना तेच दिसू द्यायचे. चार मिस्टेअर अशा उंचीवरून न्यायच्या की पाकिस्तानी रडारला त्या स्पष्ट दिसाव्यात. त्यांच्या मागून नॅट जमिनीला जवळजवळ टेकून येतील. रडारच्या लहरी सरळ जातात, पृथ्वीची वक्रता आणि उंचवटे यांच्या आड खालून येणारे विमान लपते. सेबर मिस्टेअरवर उतरली की मिस्टेअरनी खाली जाऊन परत फिरायचे आणि नॅटनी वर उसळायचे.

कालच्या पराभवाने शत्रूच्या मनात जी अपेक्षा तयार झाली होती, तिचाच चारा केला गेला.

३ सप्टेंबर

सकाळी डाव ठरल्याप्रमाणे सुरू झाला. मिस्टेअर दिसल्या, पाकिस्तानी नियंत्रकांनी सेबर त्यांच्याकडे वळवली. अमृतसरच्या आपल्या रडारवरचे नियंत्रक सेबर येत असल्याचे सांगत होते. हा बारकावा कमी लोकांच्या लक्षात येतो. आकाशातली झुंज दोन वैमानिकांमधली वाटते, पण १९६५ पर्यंत ती जमिनीवरच्या दोन अंधाऱ्या खोल्यांमधलीही झाली होती.

नॅट वर आल्या. एका स्क्वाड्रन लीडरने सेबरच्या मागे जाऊन चारशे मीटरच्या आसपास मारा सुरू केला आणि अंतर त्याच्या निम्म्यावर येईपर्यंत चालू ठेवला. सेबरचा उजवा पंख फुटताना त्याने पाहिला. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाने हवेतल्या झुंजीत मिळवलेला पहिला विजय म्हणून ही नोंद झाली आणि त्याला वीरचक्र मिळाले. पाकिस्तानची नोंद वेगळी आहे. विमानाची मोठी हानी झाली, पण वैमानिकाने ते सरगोध्याला सुखरूप नेऊन उतरवले, असे ते सांगतात. दोन्ही बाजूंनी सांगणारे प्रामाणिक असू शकतात. आठशे किलोमीटरच्या वेगाने फिरताना, पंख फुटलेले विमान धूर सोडत खाली जाताना दिसले तर ते संपले असेच कोणीही समजेल. पाठोपाठ जाऊन पाहणे म्हणजे स्वतःची पाठ उघडी टाकणे. म्हणून हवाई युद्धात दावे आणि शत्रूच्या कागदांवरची हानी यांत नेहमीच तफावत राहिली आहे, पहिल्या महायुद्धापासून.

त्याच सकाळी एक नॅट आपल्या सोबत्यांपासून सुटले आणि पाकिस्तानातल्या पसरूरच्या मोकळ्या धावपट्टीवर उतरले. वैमानिक कैद झाला. यंत्रातले बिघाड, कमी उरलेले इंधन आणि हुकलेली दिशा, असे त्याचे कारण आपल्याकडे सांगितले जाते. पाकिस्तानी हवाई दलाच्या स्टारफायटर विमानाने ते उतरायला भाग पाडले, असे पाकिस्तान म्हणतो. ते विमान आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. डाव साधला त्याच दिवशी ही किंमतही मोजावी लागली.

निष्पत्ती

छांब हातचे गेले. अखनूरच्या वाटेवरचे जौरियाही ५ सप्टेंबरला गेले. अखनूर मात्र राहिले. २ सप्टेंबरला पाकिस्तानने त्या आघाडीचा सेनापती बदलला, अख्तर हुसेन मलिक यांच्या जागी याह्या खान आले आणि त्यात मोलाचा वेळ गेला. ६ सप्टेंबरला आपण लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली आणि अखनूरवरचा जोर ओसरला. अखनूर वाचण्यात १ सप्टेंबरच्या हवाई हल्ल्यांचा वाटा किती, यावर जाणकारांत एकमत नाही. अंधार पडण्याआधीच्या त्या तासात पुढे येणाऱ्या रणगाड्यांवर आकाशातून मारा झाला, एवढे निश्चित. आपल्या विमानांनी आपल्याच माणसांची हानी केली, हेही तितकेच निश्चित.

नॅट आणि सेबर पुढे त्या युद्धात पुन्हा पुन्हा समोरासमोर आली. सेबरला कोणी हात लावू शकत नाही ही समजूत ३ सप्टेंबरनंतर उरली नाही. माझ्या दृष्टीने त्या सकाळची खरी कमाई ती. एक विमान पडले की घरी पोहोचले, यापेक्षा ती मोठी आहे.

आणि तरीही ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी सेबरनी पठाणकोटवरच हल्ला करून जमिनीवर उभी असलेली सुमारे दहा विमाने नष्ट केली. तळावर तेव्हा पहाऱ्याची विमाने हवेत नव्हती. लढणाऱ्या विमानाला पहारा हवा, हा धडा ज्या तळाने पाच दिवसांपूर्वी इतक्या किमतीला घेतला होता, त्याच तळाने स्वतःसाठी पहारा ठेवला नाही. छांबवरच्या उड्डाणांपुरता धडा शिकला गेला. तळाच्या रक्षणापर्यंत तो पोहोचला नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधीची संधी ऑगस्टमध्ये होती. व्हँपायर पुण्याहून पठाणकोटला हलवली, याचा अर्थ जमिनीवरच्या सैन्याला हवाई मदत लागेल, हे कोणीतरी ओळखले होते. सीमेपलीकडे सेबर आहेत हेही सगळ्यांना ठाऊक होते. मग मदतीची विमाने हलवताना त्यांच्या राखणीची विमाने का हलवली गेली नाहीत? २ सप्टेंबरला नॅट एका संध्याकाळीत येऊ शकल्या. त्या आठवडाभर आधी येऊ शकल्या असत्या. हवाई दल वापरलेच जाणार नाही, कच्छसारखेच होईल, असे अनेकांना मनातून वाटत असावे, हा माझा तर्क आहे. अशा वेळी तयारी होते ती अर्धवट. पूर्ण तयारी करणे म्हणजे युद्ध होणार हे मान्य करणे.

१ सप्टेंबरच्या दुपारी, हाती जे होते त्यातच, क्रम बदलता आला असता. मिस्टेअर आधी गेल्या असत्या, तर सेबरशी पहिली गाठ निसटू शकणाऱ्या विमानांची पडली असती. पहिली चौकडी परत येऊन तिचा वैमानिक काय सांगतो ते ऐकेपर्यंत दुसरी थांबवता आली असती. पंधरा-वीस मिनिटे गेली असती. त्या दिवशी पंधरा मिनिटांचीही किंमत होती, कारण सूर्य थांबणार नव्हता. मी स्वतः त्या ठिकाणी असतो तर काय केले असते, हा प्रश्न मी बऱ्याचदा विचारला आहे. क्रम मी बदलला असता, असे वाटते. थांबलो असतो की नाही, याची खात्री देता येत नाही, कारण छांबहून येणारा प्रत्येक निरोप लवकर या, असेच सांगत असणार.

आपल्याच सैन्यावरचा मारा टाळायला मात्र पठाणकोटमध्ये करण्यासारखे फारसे नव्हते. ते काम आधीच्या महिन्यांचे. आघाडीच्या ब्रिगेडसोबत वायरलेस घेतलेला, वैमानिकाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा माणूस हवा. रणगाड्यांवर वरून दिसतील अशा खुणा हव्यात. आणि हे दोन्ही सरावात पुन्हा पुन्हा घासून घेतलेले हवे. लष्कर आणि हवाई दल आपापल्या जागी कितीही चांगली असली तरी ही सवय ऐन लढाईच्या दुपारी लागत नाही.

व्हँपायर त्यानंतरही सेवेत राहिली, बहुतेक प्रशिक्षणासाठी. १९७१ च्या डिसेंबरमध्ये मात्र श्रीनगरहून त्यांना पुन्हा हल्ल्याच्या कामाला पाठवले गेले, डोंगरांमधल्या लक्ष्यांवर, जिथे शत्रूची लढाऊ विमाने पोहोचण्याची शक्यता कमी होती. त्या वेळी त्याच श्रीनगरच्या तळावर नॅटही तैनात होत्या.